येतंय कुठनं?

पहाटे चहा ठेवायला उठले आणि अनवाणी पाऊल गार पाण्यात पडलं. फ्रिजसमोर ताटाएवढं पाणी साचलं होतं. जुलै २०१३ मधली गोष्ट. बॉस्टनच्या वायव्येला अ‍ॅक्टन नावाच्या गावात आम्ही घर घेतलं त्याला चार महिने झाले होते. फ्रिज घराबरोबरच आलेला, वर फ्रीझर आणि खाली मोठा कप्पा अशा जुन्या धाटणीचा. रात्री कुणाच्या तरी हातून ग्लास सांडला असेल असं म्हणून मी फडक्यानं पुसलं आणि चहा केला. संध्याकाळी पुन्हा पाणी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुढचे बारा दिवस मी पुसत राहिले.

ते बारा दिवस मला अजून टोचतात, कारण मी शिकलेली आहे मेकॅनिकल. सांगलीत डिप्लोमा केला, मग चिंचवडच्या एका कारखान्यात सहा वर्षं मेंटेनन्सला होते. तिथे माझ्या सेक्शनमधलं एखादं मशीन बारा दिवस गळत राहिलं असतं तर मी साहेबांपुढे उभी राहू शकले नसते. पण २०१० मध्ये नवऱ्यामागोमाग अमेरिकेत आले ती एच-४ व्हिसावर. या व्हिसावर आलेल्या बायकोला तेव्हा इथे राहता यायचं, गाडी चालवता यायची, घर घेता यायचं. नोकरी तेवढी करता यायची नाही. तीन वर्षांत मी कुठल्याही यंत्राचं झाकण उघडलं नव्हतं. पाणी दिसलं की फडकं घ्यायचं, एवढंच हातांना उरलं होतं.

तेराव्या दिवशी दुरुस्तीवाल्यांना फोन केला. येऊन नुसतं बघायचे शंभराच्या आसपास डॉलर, दुरुस्ती वेगळी, आणि पहिली मोकळी वेळ नऊ दिवसांनी. पलीकडची मुलगी नम्र होती. तिनं फ्रिज किती जुना आहे विचारलं आणि मग आवाज हळू करून म्हणाली, एवढा जुना असेल तर नवाच घेतलेला बरा. यंत्र न बघता तिनं निकाल दिला याचा मला राग आला. तो राग माझ्यावरचाही होता, कारण यंत्र मी तरी कुठे बघितलं होतं?

रात्री गावी फोन लावला. तिकडे सकाळ झालेली.

"आण्णा, फ्रिजखाली पाणी येतंय."

"कुठनं?"

"खालनं."

"खालनं दिसतंय. येतंय कुठनं?"

मला उत्तर देता आलं नाही. आण्णा पुढे काही बोलले नाहीत, "बघ आणि सांग" म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

माझे वडील किर्लोस्करवाडीत पंपांच्या असेंब्लीला फिटर होते. कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेली ती वाडी. आमचं सगळं घर तिथल्या भोंग्यावर उठायचं आणि जेवायचं. खंडेनवमीला आण्णा मला शॉपमध्ये घेऊन जायचे. सात-आठ वर्षांची असताना तिथे मी एक चालू पंप गळताना बघितला आणि मोठ्यानं म्हणाले, हा बिघडलाय. आण्णा मला उचलून जवळ घेऊन गेले. शाफ्ट पंपातून जिथे बाहेर येतो तिथे ग्लँड असतो, त्यात दोरीसारखं पॅकिंग भरलेलं असतं. त्यातून थेंब पडत होते. आण्णा म्हणाले, हा गळलाच पाहिजे. पॅकिंग आवळून एकदम कोरडं केलं तर स्लीव्ह तापते, तिला चरे पडतात, पॅकिंग जळून जातं. थेंब किती पडतात आणि कुठे पडतात, तेवढं फिटरनं बघायचं. वेल्डिंग केलेल्या टाकीची तपासणीही त्यांनीच मला दाखवली होती. एका बाजूनं खडूचा लेप लावून वाळू द्यायचा, दुसऱ्या बाजूनं रॉकेल. डोळ्यांना न दिसणारं भोक असेल तिथे पांढऱ्यावर ओला डाग उमटतो. आधी सगळं कोरडं केलं नाही तर ओलं कुठलं ते कसं कळणार?

दुसऱ्या दिवशी मुलीला शाळेच्या समर कॅम्पला सोडून आले आणि फ्रिज पुढे ओढला. मागची धूळ झाडली, फरशी कोरडीठाक पुसली, वाणसामानाच्या तपकिरी कागदी पिशव्या फाडून त्यांचे चौकोन फ्रिजखाली आणि भोवती अंथरले. प्रत्येक चौकोनावर पेन्सिलीनं आकडा टाकला. कागद ओला झाला की रंग गडद होतो, त्यामुळे आधी कुठला भिजला ते लपत नाही. वेळ लिहायला दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटीतच लिहू लागले: एकादशीखाली 'पहाटे ५:४०, कागद ३', द्वादशीखाली 'दुपारी ३:१५, कागद ३ आणि ४'.

माझा पहिला संशय मागच्या नळीवर होता. अमेरिकेतल्या बऱ्याच फ्रिजना बर्फ बनवायच्या यंत्रासाठी पाव इंची पाण्याची नळी जोडलेली असते आणि ती सांध्यावर गळणं ही इथली नेहमीची तक्रार. पण मागचे कागद कोरडे होते. तरी खात्रीसाठी नळीची तोटी दोन दिवस बंद ठेवली. पाणी येतच राहिलं. म्हणजे ते नळाचं नव्हतं.

दुसरा संशय दाराच्या रबरावर. मॅसॅच्युसेट्सचा हिवाळा सगळ्यांना माहीत असतो, पण जुलैत इथे कोकणासारखी चिकचिक होते. रबर सैल असेल तर दमट हवा आत जाते, गार भिंतींवर दव धरतं आणि ओघळतं. दारात डॉलरची नोट अडकवून ओढायची. सुळकन निघाली तर तिथे रबर बसत नाही. खालचा एक कोपरा सैल सापडला. केस वाळवायच्या ड्रायरनं रबर गरम करून तो कोपरा नीट बसवला. फ्रिजचे पुढचे पाय दोन आटे वर घेतले, म्हणजे दार आपल्या वजनानं मिटेल. काम चांगलं झालं, पण कालनिर्णयातल्या नोंदी थांबल्या नाहीत.

मात्र त्या नोंदींत मला एक गोष्ट दिसली. पाणी सतत येत नव्हतं. एकदा आलं की नऊ-दहा तास काही नाही, मग पुन्हा एकदम. दवाचं असतं तर ते दुपारच्या उकाड्यात वाढलं असतं. नळाचं असतं तर थेंब थेंब चालू राहिलं असतं. हे पाणी कुणीतरी ठरावीक वेळानं सोडत होतं.

मग मी वर चढत गेले. भिजलेला कागद दाराच्या उंबऱ्याखालचा होता. उंबऱ्यावरचं पाणी आतून आलेलं होतं. भाज्यांचे खण बाहेर काढले तर त्यांच्याखाली वाटीभर पाणी. मागच्या आतल्या भिंतीवर बोट फिरवलं तर वरून खालपर्यंत ओघळाची ओल. ओघळ सुरू होत होता छताजवळ, जिथून फ्रीझरची गार हवा खाली येते तिथे. फ्रीझर उघडला, मटारच्या पिशव्या उचलल्या. तळाला काचेसारखा गुळगुळीत बर्फ पसरला होता आणि त्यात कढीपत्त्याची चार पानं अडकली होती. हा बर्फ मी कित्येक दिवस बघत होते. फ्रीझरमध्ये बर्फ असायचाच, असं समजून त्यावर पिशव्या ठेवत होते.

लहानपणी आमच्याकडे एका दाराचा फ्रिज होता. त्याच्या बर्फाच्या कप्प्यावर बोटभर जाड पांढरा थर धरायचा आणि रविवारी आई थर्मोस्टॅटच्या मधलं बटण दाबून फ्रिज 'डीफ्रॉस्ट' करायची. खाली ट्रे असायचा. भरलेला ट्रे न हिंदकळवता मोरीपर्यंत नेणं हे माझं काम. या नव्या पद्धतीच्या फ्रिजमध्ये बर्फ साठत नाही असं जाहिरातीत म्हणतात, पण तो साठतोच. दार उघडलं की स्वयंपाकघरातली वाफ आत जाते आणि फ्रीझरच्या मागच्या पडद्याआड जी गार नळ्यांची जाळी असते तिच्यावर हिम होऊन बसते. काही तासांनी एक टायमर कॉम्प्रेसर थांबवतो, जाळीखालचा हीटर चालू होतो, हिम वितळतं आणि पाणी एका पन्हाळीत पडतं. पन्हाळीच्या मधोमध भोक. तिथून नळी मागच्या भिंतीतून खाली जाते आणि कॉम्प्रेसरजवळच्या पसरट ट्रेमध्ये पाणी सोडते. तिथल्या ऊबदार हवेनं ते उडून जातं. म्हणजे प्रत्येक फ्रिज रोज गळतो. आई बटण दाबून, मी ट्रे उचलून जे काम करत होतो, तेच इथे पडद्याआड कुणाला न दिसता होत असतं. आमच्या फ्रिजचं पाणी त्या भोकातून जायचं बंद झालं होतं, म्हणून ते पन्हाळीवरून सांडून फ्रीझरच्या तळाला गोठत होतं आणि उरलेलं खाली येत होतं.

आता आत शिरायचं होतं. त्यासाठी आधी फ्रिज रिकामा करायला हवा. दूध, भाज्या, आमटी कूलरमध्ये बर्फ घालून ठेवल्या. इथल्या अन्न विभागाचा नियम ४० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ४ सेल्सियसच्या खाली ठेवा असा आहे, म्हणून आत थर्मामीटरही ठेवला. पण विरजण मला कूलरमध्ये ठेवायचं नव्हतं. ते मी तीन वर्षं मोडू न देता चालवलं होतं. वाटी घेऊन शेजारी गेले.

शेजारच्या बाई तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या, एकट्या राहायच्या. तोपर्यंत आमचं बोलणं हात हलवण्यापुरतंच. वाटीत काय आहे ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं, त्यांनी ती त्यांच्या फ्रिजच्या वरच्या फळीवर जागा करून ठेवली आणि म्हणाल्या, फ्रिज गळतोय का? मग बसा.

त्यांच्या लहानपणी घरात वीज होती, पण फ्रिज नव्हता. बर्फाची पेटी होती. लाकडी कपाट, आतून जस्ताचा पत्रा, वरच्या कप्प्यात लादी. बर्फवाला गाडी घेऊन यायचा. वितळलेलं पाणी नळीनं खालच्या परातीत पडायचं आणि ती परात रोज रात्री झोपण्याआधी रिकामी करायची हे त्यांचं काम. विसरल्या की सकाळी स्वयंपाकघरात तळं आणि आईचा मार. मी त्यांना माझा रविवारचा ट्रे सांगितला. त्या किती तरी वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग हातानं दाखवून विचारलं, असं धरून चालायचीस? दोन्ही कोपर अंगाला चिकटवून? मी म्हटलं, हो, अगदी असंच.

बर्फ कुठून यायचा, हेही त्यांनीच सांगितलं. आमच्या घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर कॉन्कर्डला वॉल्डनचं तळं आहे. १८४६-४७ च्या हिवाळ्यात फ्रेडरिक ट्यूडर या बॉस्टनच्या व्यापाऱ्याच्या माणसांनी ते तळं करवतींनी कापलं होतं. लेखक थोरो तेव्हा काठावरच राहत होता. 'वॉल्डन' या पुस्तकात त्यानं बर्फ कापणाऱ्यांबद्दल लिहिलंय आणि तळ्याला आपली विहीर म्हणत तिचं पाणी पिणाऱ्या दूरच्या गावांत मुंबईचंही नाव घेतलंय. ट्यूडरनं १८३३ मध्ये 'टस्कनी' जहाजातून बॉस्टनहून कलकत्त्याला बर्फ पाठवला. सुमारे १८० टन चढवला, चार महिन्यांच्या प्रवासानंतर १०० टनांच्या आसपास उतरला. पुढे मुंबईतही बर्फघर उभं राहिलं. लाकडाच्या भुशात गुंडाळलेला बर्फ टिकायचा, पण एका अटीवर: वितळलेलं पाणी बर्फाखाली साचता कामा नये. पाण्यात बसलेली लादी झपाट्यानं विरघळते, म्हणून बर्फघरांच्या तळाला निचऱ्याची सोय ठेवायची. हे पुढे वाचताना मला वाटलं, गारवा टिकवायची सगळी विद्या शेवटी पाणी काढून देण्याची विद्या आहे. वॉल्डनच्या काठानं जी रेल्वे तेव्हा जात होती तीच आजही जाते. माझा नवरा त्याच गाडीनं रोज कामाला जायचा आणि मी तीन वर्षं ते तळं नुसतं खिडकीतून बघितलं होतं.

निघताना बाईंनी ड्रॉवरमधून एक वस्तू काढून हातात दिली. थँक्सगिव्हिंगला टर्की भाजताना तिच्यावर रस सोडायची, मागे रबरी फुगा असलेली लांब नळी. आमच्या शाकाहारी घरात ती कधी येण्याचं कारण नव्हतं. म्हणाल्या, बर्फात गरम पाणी सोडायला याच्यासारखं काही नाही.

प्लग काढला. बर्फाचं यंत्र सोडवलं, मागच्या पडद्याचे स्क्रू काढायला पाव इंची नटड्रायव्हर घेऊन आले. चिंचवडला सगळं मिलिमीटरमध्ये, इथे इंचात. पण पाना हातात आला की मनगटाला फरक कळत नाही. पडदा बाजूला झाला आणि तीन वर्षांनी पहिल्यांदा मी एका यंत्राच्या आत बघत होते. सांगायला संकोच वाटतो, पण माझे डोळे भरून आले.

आधी बघायचं, हात नंतर. जाळीवरचं हिम वरपासून खालपर्यंत सारखं, पातळ होतं. ही चांगली खूण. हिम एकाच कोपऱ्यात असतं तर आतला वायू कमी झालाय असं समजायचं. सगळी जाळी बर्फाच्या ठोकळ्यात बुडलेली असती तर हीटर, टायमर किंवा हीटर बंद करणारा छोटा थर्मोस्टॅट यांतलं काहीतरी गेलंय. इथे ते सगळे आपापलं काम करत होते. बर्फ साचला होता तो फक्त खालच्या पन्हाळीत, बोटभर जाड, भोक पूर्ण बुजलेलं.

मी सुरी उचलली. फोन स्पीकरवर होता. आण्णांना आवाजावरून कळलं की काय कोण जाणे, म्हणाले, "हातात काय हाय?" मी सांगितलं. "ठेव ती खाली."

ते बरोबर होते. ती जाळी पातळ अ‍ॅल्युमिनियमची असते. सुरीचं टोक घुसलं तर वायू जातो आणि मग फ्रिज खरोखरच टाकून द्यायचा. शिवाय वायूच्या बंद चक्राला हात लावायचा तर अमेरिकेत परवाना लागतो. स्वच्छ हवेच्या कायद्याच्या कलम ६०८ खाली तो वायू मुद्दाम हवेत सोडणं गुन्हा आहे. आजचा घरगुती वायू निदान विषारी तरी नसतो. सुरुवातीच्या फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड, अमोनिया असायचे. बर्लिनमधलं एक कुटुंब अशा गळतीनं झोपेत गेल्याची बातमी वाचून आइन्स्टाइन अस्वस्थ झाले आणि लिओ झिलार्ड यांच्याबरोबर त्यांनी फिरते भाग नसलेला, त्यामुळे गळायला जागा नसलेला फ्रिज बनवला असं सांगतात. त्यांना अमेरिकन पेटंट मिळालं ते १९३० मध्ये. सापेक्षतावादाच्या माणसाला फ्रिजची गळती क्षुल्लक वाटली नाही, हे मला फार मोठं वाटतं.

सुरी ठेवली आणि गरम पाणी सोडत बसले. नळीचं टोक भोकावर धरायचं, फुगा हलकेच दाबायचा, गार झालेलं पाणी त्याच नळीनं परत ओढून पातेल्यात टाकायचं, पुन्हा गरम. घाई करता येत नाही. बर्फ आपल्या वेळेनं सुटतो. चाळीसेक मिनिटांनी पन्हाळीतलं पाणी एकदम गोल फिरलं, घशातून आवाज यावा तसा आवाज झाला आणि फ्रिजच्या पोटातून खाली, ट्रेमध्ये, धार पडल्याचं ऐकू आलं. मी तशीच गुडघ्यांवर बसून ऐकत राहिले. खायच्या सोड्याचं कोमट पाणी दोनदा सोडलं. खालच्या ट्रेमध्ये तपकिरी बुळबुळ, खोबऱ्याचा कीस आणि कढीपत्त्याचं एक काळं पान आलं. ट्रे घासला, मागच्या जाळीची धूळ काढली, सगळं परत बसवलं. कागदाचे चौकोन नवे अंथरले.

नऊ दिवस कालनिर्णय कोरा राहिला. दहाव्या दिवशी सकाळी कागद तीन भिजलेला होता.

त्या सकाळी मी फडकं न घेता तिथेच खाली बसले. कचरा काढला होता, नळी मोकळी होती, मग पुन्हा का गोठलं? कढीपत्त्यावर ठपका ठेवून मी मोकळी झाले होते. पान मिळालं म्हणजे कारण मिळालं असं मला वाटलं, कारण ते दिसण्यासारखं होतं. विचार करायला हवा होता तो असा: हे भोक शून्याखाली कित्येक अंश थंड असलेल्या जागेत आहे, तिथे पाणी दिवसातून दोन-तीनदा जातं, तर मग ते एरवी, वर्षानुवर्षं, गोठत का नव्हतं?

उत्तर फ्रिजमध्येच होतं. पायाशी जी जाळीदार पट्टी असते ती काढली तर आत प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद चिकटवलेला होता. दुरुस्ती करणाऱ्यासाठी कारखान्यानं ठेवलेला. विजेची आकृती, टायमरचे तास, प्रत्येक भागाचं चित्र. हीटरच्या चित्रात खालून एक बारीक पट्टी लोंबत होती, टोक थेट भोकात. हीटर तापला की ती पट्टी ऊब भोकात नेते आणि वाट मोकळी ठेवते. पडदा पुन्हा उघडून बघितला. आमच्या हीटरला पट्टी नव्हती. कधीतरी कुणीतरी तो भाग बदलताना ती परत लावायची राहिली असावी.

तो कागद मी जपून ठेवलाय. यंत्र विकणाऱ्यानं यंत्राबरोबर त्याची माहिती द्यावी, ती कुलपात ठेवू नये, हे माझं ठाम मत त्या कागदानं घडवलं. कॅलिफोर्निया आणि मिनेसोटात १ जुलै २०२४ पासून घरगुती उपकरणांचे सुटे भाग आणि माहितीपुस्तिका ग्राहकाला द्याव्या लागतात. मॅसॅच्युसेट्सनं २०१२ मध्ये मोटारींसाठी मतदान करून तसा कायदा केला, फ्रिजपर्यंत मात्र आम्ही अजून पोचलो नाही. त्या चौपदरी कागदाशिवाय मी आणखी किती कढीपत्ता दोषी धरला असता?

हार्डवेअरच्या दुकानातून बारा गेजची उघडी तांब्याची तार फूटभर घेतली. आमच्या फ्रिजचा हीटर धातूच्या नळीचा होता, म्हणून हे जमलं. काचेच्या नळीचा असता तर मी तार गुंडाळली नसती. विजेच्या जोडापासून दूर, नळीच्या मधोमध तीन वेढे घट्ट दिले आणि उरलेलं टोक चार बोटं भोकात सोडलं. आण्णांना सांगितलं. "तांबं चांगलं," एवढंच म्हणाले. पुढच्या महिन्याचं कालनिर्णयाचं पान उलटलं तरी कागद कोरडे राहिले. मग मी कागद उचलले.

विरजण आणायला गेले तेव्हा बाईंनी त्यांच्या मैत्रिणीच्या वॉशिंग मशीनचं काढलं. नंतर आणखी दोन घरं झाली. पैसे घ्यायची मला परवानगी नव्हती आणि मला ते नकोच होते. पण दर वेळी घरी येताना हातांना तेलाचा वास असायचा, आणि लेक विचारायची, आज काय उघडलंस? २६ मे २०१५ ला नियम बदलला. ग्रीन कार्डाच्या रांगेत ठरावीक टप्पा गाठलेल्यांच्या जोडीदारांना कामाची परवानगी मागता येऊ लागली. आमचा टप्पा झालेला होता. परवानगीचं कार्ड यायच्या आधीच मी कलम ६०८ च्या परीक्षेचा अभ्यास सुरू केला. चार भाग, प्रत्येकात पंचवीस प्रश्न. चारही भाग पास झाले. आता एका प्रयोगशाळेच्या इमारतीत उणे ८० अंशांच्या फ्रीझरांची देखभाल करते. मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, पाच वर्षं काय करत होतात? मी त्यांना ही फ्रिजची गोष्ट सांगितली, नोंदींसकट.

शेजारच्या बाई २०१७ च्या हिवाळ्यात गेल्या. टर्कीची नळी माझ्या टूलबॉक्समध्ये आहे.

आण्णा पहिल्यांदा अमेरिकेला आले ते २०१८ च्या जूनमध्ये. विमानाचा शीण उतरायच्या आतच, दुसऱ्या दिवशी पहाटे, मला स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली. बाहेर येऊन बघते तर लेंगा सावरून ते फ्रिजसमोर जमिनीवर बसलेले. पायाशी असलेली पट्टी त्यांनी काढून बाजूला उभी केली होती आणि उजवा हात कोपरापर्यंत आत होता.

"काय शोधताय, आण्णा?"

त्यांनी हात बाहेर काढला, ओलं बोट अंगठ्यावर घासून बघितलं, वास घेतला.

"येतंय की पाणी," म्हणाले, "ट्रेमध्ये." आणि पट्टी परत बसवून चहाचं विचारलं.